वीस मिनिटांवरचं घर

आबा, तुम्ही सहा दिवस वरव्याच्या कारखान्यातल्या खाटेवर काढायचात आणि शनिवारी पासलीला यायचात, म्हणून माझी पहिली शाळा रविवारची. गोठ्याच्या दारावर खडूनं पाढे. जो पाठ म्हटला, त्यापुढं रेघ ओढायची. एकदा मी न म्हटलेल्या पाढ्यापुढंही ओढली. तुम्ही मारलं नाहीत. ओल्या फडक्यानं सगळं दार पुसलंत आणि म्हणालात, "बोललेलं वाऱ्यावर जातं पोरी, लिहिलेलं ऱ्हातं."

मी पुन्हा तसंच करून बसलेय.

पूर्वी मी कात्रजला खोली घेऊन राहायचे. ऑफिस वीस मिनिटांवर, जाणं रोजचं. मग काम घरून सुरू झालं, आठवड्यातून एकच दिवस बोलावू लागले, आणि मी खोली सोडून पासलीला आईकडे आले. तुमच्यामागं ती एकटी होती. म्हैस विकायला काढली होती, ती माझ्या भरवशावर ठेवली. आता एका दिवसात माझं जेवढं जाणं-येणं होतं, तेवढं तेव्हा आठवड्यातही होत नव्हतं. पहाटे गाडी काढते. खिंडीतल्या धुक्यात पुढं गुरं आहेत की वळण, ते कळत नाही. बोटं ब्रेकवर आखडतात. एकच दिवस, म्हणून निभतं.

गेल्या महिन्यात ऑफिसनं फॉर्म पाठवला. कुठं राहता, यायला किती वेळ लागतो. मला वाटलं, लांबच्यांना काढून टाकतील. मी कात्रज लिहिलं. वीस मिनिटं.

काल ऑनलाइन मीटिंग चालू असताना म्हैस ओरडली. मॅडम म्हणाल्या, "कात्रजला गोठा पण बांधलात का?" सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी यादी वाचली. लांबच्यांनी घरूनच काम करायचं, जवळच्यांनी एक तारखेपासून रोज यायचं. माझं नाव जवळच्यांत.

ती खिंड रोज करणं मला जमायचं नाही. खोली घेतली तर आई पुन्हा एकटी. खरं सांगितलं तर खोटं लिहिलं म्हणून नोकरी जायची. आईला सांगितलं, तेव्हा ती धार काढत होती. वर न बघता म्हणाली, "लांबची म्हनून काढतील आसं वाटलं तुला, का पासलीची म्हनून हसतील आसं?"



आज सकाळी फॉर्म पुन्हा भरून मॅडमना खरं गाव कळवलं. अजून उत्तर नाही. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एवढं सांगते. वेळेच्या जागी मी दोन तास लिहिलेत. अडीच लागतात.