बाबा, नैसर्गिक उजेडात

३ मार्च
आजपासून रोजनिशी. कोर्सवाल्या बाई म्हणतात, कलावंताने रोज स्वतःशी खरं बोलावं. मी बोलतोच, फक्त लिहीत नव्हतो.

तर खरं असं की, इतकी वर्षं मी नळांचे फोटो काढतोय. नळ, शॉवर, टॉवेल अडकवायच्या दांड्या. कॅटलॉगमध्ये माझे नळ असे चकाकतात की कंपनीचे शेठ म्हणतात, खरे नळ बघून गिऱ्हाइकं नाराज होतात. पण आत कुठेतरी कोरडं वाटतं. म्हणून हा ऑनलाइन कोर्स. क्रिएटिव्ह ग्रोथ, पर्सनल ग्रोथ, दोन्ही एकाच फीमध्ये. बॅचमध्ये एक दंतवैद्य आहे. माझे फोटो बघून म्हणाला, स्वच्छ आहेत. हा टोमणा होता.

५ मार्च
असाइनमेंट मिळाली. घरातलं एकच माणूस, महिनाभर. फ्लॅश नाही, पोझ नाही, कशासाठी ते सांगायचं नाही.

हिला विचारलं. ही म्हणाली, कशासाठी? सांगता येत नाही म्हटल्यावर म्हणाली, मग नको. बाबा उरले. बाबा पाणीपुरवठा खात्यात मीटर रीडर होते. रिटायर झाले, पण नजर झाली नाही. अजूनही समोरच्याकडे असे बघतात की त्याने कुठेतरी चोरून कनेक्शन घेतलंय.

प्रोजेक्टचं नाव: 'बाबा, नैसर्गिक उजेडात'.

७ मार्च
बाबा खिडकीत बसून नखं कापत होते. फोटो काढले. बाबांनी विचारलं, काय रे? म्हटलं, काही नाही, असंच. मी त्यांचा 'असंच' फोटो आजवर काढलेला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. नजरेत खोली होती. तीही टिपली.

९ मार्च, दुपारी
बाबा झोपलेले. पडद्यातून उजेड बरोबर कपाळावर. मी अगदी जवळ गेलो, तर डोळे उघडले. विचारलं, डॉक्टर भेटले होते का तुला? नाही म्हटलं. म्हणजे परवा बेकरीत भेटले होते, पण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. शिवाय बाबांच्या मागच्या महिन्यातल्या तपासण्यांचा रिपोर्ट मी आणलाय, सगळं नॉर्मल आहे, हे मी त्यांना सांगितलंय. बहुतेक.

१२ मार्च
घरात काहीतरी शिजतंय. मी स्वयंपाकघरात गेलो की बाबा आणि ही गप्प होतात. खोदून विचारल्यावर ही म्हणाली, बाबा रिपोर्ट कुठे ठेवलाय विचारत होते. हिने कसला रिपोर्ट म्हटलं, तर बाबा म्हणाले, म्हणजे तूसुद्धा.

मला हे खरं वाटत नाही. ऑगस्टमध्ये माझी पन्नाशी आहे. 'रिपोर्ट' हा सांकेतिक शब्द असणार. मी काही कळलंय असं दाखवणार नाही.

१५ मार्च
बाबांनी स्वतःचं मनगटी घड्याळ मला दिलं. लहानपणी ते हातात घेतलं म्हणून मार खाल्ला होता. म्हणाले, वापर आता तू. ऑगस्टची भेट मार्चमध्ये? घाई कसली?

संध्याकाळी बाबांनी शेजाऱ्यांची शिडी परत केली. मी कॉलेजात असल्यापासून ती आमच्याकडेच होती. शेजारी दारात येऊन हळूच विचारून गेले, घरी सगळं ठीक आहे ना?

शिडी घेऊन जिना उतरणारे बाबा: आजवरची सर्वोत्तम फ्रेम.

१८ मार्च
बाबा सकाळी गुपचूप बाहेर पडले. मी मागोमाग. लांबची लेन्स घेतली होती, उभ्या टेम्पोआड लपलो. बाबा दवाखान्यात शिरले. बऱ्याच वेळाने हातात कागद घेऊन पायऱ्यांवर थबकले. उजेड एका बाजूने, अर्धा चेहरा सावलीत. फोटो काढला. मग पोटात गोळा आला.

आधी फोटो आणि मग गोळा, हा क्रम खरं बोलायचं म्हणून लिहिला. त्याचा वेगळा अर्थ काढायचं कारण नाही.

टेम्पोवाल्याने विचारलं, कुणावर पाळत ठेवताय? म्हटलं, वडलांवर. त्याने टेम्पो तिथून काढून दुसरीकडे लावला.

१९ मार्च
डॉक्टरांना फोन केला. बाबांना काय झालंय? डॉक्टर म्हणाले, कालपासून तेही मला हेच विचारताहेत. काही नाही म्हटलं तर पटेना, म्हणून टॉनिक लिहून दिलं. तुम्ही बापलेक एकदा एकमेकांशी का बोलत नाही? आणि हसले. डॉक्टर अशी टोलवाटोलवी कधी करतात, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी बाबांना आमची बेकरीतली भेटही सांगितली म्हणे. ती कशाला सांगायची?

म्हणजे बाबा आजारी आहेत आणि माझ्यापासून लपवताहेत. जेवण गेलं नाही. संकल्प: हाती आहे तेवढा वेळ वाया घालवायचा नाही. रोज दुप्पट फोटो.

२३ मार्च
आत्या आली. बाबांची धाकटी बहीण. तिच्या मुलीच्या लग्नात बाबांनी हॉलच्या मॅनेजरला वाहत्या नळावरून चार पाहुण्यांसमोर झापलं, तेव्हापासून दोघांत अबोला. आता बाबांनीच फोन करून बोलावलं म्हणे. दारातच दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. मी खाली बसून अँगल घेत होतो, तर आत्याने हाताने लेन्स बाजूला केली आणि म्हणाली, ते ठेव आणि बापाजवळ बस. बसलो. कॅमेरा मांडीवर ठेवला. बाबा सारखे त्याच्याकडेच बघत होते.

२६ मार्च
आजचं जसं झालं तसं लिहितो.

चहाच्या वेळी बाबांनी कप खाली ठेवला. मी कॅमेरा उचलला होता.

"किती दिवस म्हणालेत डॉक्टर?"

"तुम्हालाच माहीत. तुम्ही मला सांगितलंत कुठे?"

"मी काय सांगणार? रिपोर्ट तू आणलास. लपवलास तू. डॉक्टर भेटले तेही लपवलंस. आणि सारखा माझे फोटो काढतोस. नखं कापताना, झोपेत. भिंतीवर लावायला एवढ्यातला एकही बरा नाही?"

"पण मग तुम्ही दवाखान्यात कशाला गेलात?"

"तू फोटो काढायला लागलास म्हणून."

रिपोर्ट टीव्हीखालच्या खणात आहे म्हटलं. ही उठली, खण उघडला आणि रिपोर्ट बाबांच्या पुढ्यात ठेवला. बाबांनी चष्मा लावला. एकेक आकडा बोट ठेवून वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून. सगळं नॉर्मल. आत्या आधी रडली, मग हसायला लागली, मग तिला ठसका लागला.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "मग फोटो कशाला?"

सांगितलं. कोर्स, असाइनमेंट, क्रिएटिव्ह ग्रोथ.

"म्हणजे इतके दिवस मी मरत होतो, आणि तुझा कोर्स चालला होता."

"बाबा, मलाही वाटत होतं तुम्ही..."

"आणि तरी फोटो काढत होतास?"

याला उत्तर सुचलं नाही. बाई म्हणतात, उत्तर न सुचणं ही ग्रोथची पहिली खूण आहे. पण ही माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती ग्रोथ बघितल्याची नव्हती.

बाबांनी घड्याळ परत मागून घेतलं. शिडी मागायची कशी, यावर ते आणि आत्या उशिरापर्यंत बोलत होते.

२९ मार्च
बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी खोलीत गेलो की आधी माझे हात बघतात. हात रिकामेच ठेवतो. ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न आहे.

२ एप्रिल
कोर्सचा शेवटचा वर्ग. बाईंनी माझे फोटो शांतपणे पाहिले. म्हणाल्या, प्रत्येक फोटोत हा माणूस फोटो काढणाऱ्याकडे संशयाने बघतोय. हे मुद्दाम केलंत? हो म्हणालो. कन्सेप्टच तो होता. बाई म्हणाल्या, अच्छा.

सर्वोत्तम प्रोजेक्ट दंतवैद्याचा. त्याने बायकोचे फोटो काढलेत, आणि ती प्रत्येकात हसतेय. तिचे दातच चांगले आहेत, त्यात याचं काय? लॅपटॉप मिटून हिला हे सांगितलं. ही म्हणाली, तो फोटो काढताना तिच्याशी बोलत असेल.

ही त्याला ओळखते की काय?

५ एप्रिल
आत्याची मुलगी परदेशात असते. आत्या तिच्याकडे निघालीय, बाबांनाही नेणार. आज बाबा स्वतःहून स्टुडिओत आले. पहिल्यांदाच. पासपोर्टसाठी फोटो हवेत म्हणाले.

स्टुलावर ताठ बसले. मी म्हटलं, हनुवटी जरा खाली. बाबांनी विचारलं, आता सांगितलेलं चालतं का? म्हटलं, पासपोर्टला चालतं. फ्लॅश मारून पाहू का, विचारलं. मार म्हणाले. पांढरी बॅकग्राउंड, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड. चहा निवायच्या आत प्रिंट तयार.

बाबांनी चष्मा लावून फोटो बघितला. दोन्ही कान दिसतात, डोळे उघडे आहेत, सावली नाही. फोटोंचं पाकीट खिशात घातलं आणि दारापर्यंत जाऊन वळले.

म्हणाले, "हे जमतं तुला. हेच करत जा."