शून्याखालचा स्विच

१२ फेब्रुवारी, सकाळी

बायको बहिणीकडे गेली. आता चार-पाच दिवस येत नाही. जाताना दारातून एवढंच म्हणाली, "माझ्या टेबलाला हात लावू नकोस." टेबलाला मी कशाला हात लावतोय? माझं काम टेबलावरच्या कीबोर्डशी आहे.

ती हॉस्पिटलसाठी घरून पेशंटच्या औषधांचे कागद टाइप करते. मागच्या आठवड्यात या कीबोर्डने तिच्या तोंडचं पाणी पळवलं. शून्याचं बटण एकदा दाबलं की मधूनच दोन शून्यं उमटायची. एका आजोबांची पन्नासची गोळी कागदावर पाचशेची झाली. नर्सच्या वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. मोठ्या डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा असं झालं तर काम बंद. त्या दिवशी ती जेवली नाही. मीही अर्धाच जेवलो, पण ते ॲसिडिटीमुळे.

निश्चय : ती यायच्या आत कीबोर्ड ठणठणीत. सरप्राइज. यात घाबरण्यासारखं काही नाही आणि मी घाबरलेलोही नाही.

दुपारी

निदान झालं. शून्य मोजून दहा वेळा दाबलं, स्क्रीनवर अकरा आली. आईला मोजायला बसवलं. ती म्हणाली, दहाच आहेत. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय, तिचं काय मनावर घ्यायचं! फाइल पुरावा म्हणून सेव्ह केली.

१३ फेब्रुवारी

व्हिडिओ पाहिला. फारच सोपं आहे. बटणाची टोपी काढली की खाली एक छोटी डबी असते, तिला स्विच म्हणतात. चिमट्याने उपटायचा, दुसरा बसवायचा. सोल्डरिंगची भानगडच नाही. माझ्याकडे दुसरा नाही, म्हणून आहे तोच उघडून साफ करणार. व्हिडिओवाला म्हणतो, उघडू नका. ते सर्वसामान्य लोकांसाठी.

थोड्या वेळाने

स्विच निघाला. उघडला. आतून स्प्रिंग उडाली. कुठे गेली माहीत नाही.

आणखी थोड्या वेळाने

कपाटाखाली नाही. पलंगाखाली नाही. आईच्या चपलेत नाही. आईने विचारलं, काय शोधतोयस? म्हटलं, व्यायाम करतोय. स्प्रिंगशिवाय बसवून बघावा म्हणून दाबला, तर त्याची एक पिन तुटली. केसाएवढी पिन. एवढ्या नाजूक वस्तू बनवणाऱ्यांनाच काही वाटायला हवं.

रात्री जेवलो नाही. ॲसिडिटीच.

१४ फेब्रुवारी

दुपारी बायकोचा फोन आला. सगळं ठीक ना, म्हणाली. "ठीक! ठीक! एकदम ठीक!" असं मी तीनदा म्हणालो. दोनदा पुरलं असतं.

मग कॉम्प्युटरच्या दुकानात फोन लावला. बायको तिथलीच गिऱ्हाईक, म्हणून आवाज बदलून बोललो. एक स्विच हवाय, म्हटलं. दुकानदार म्हणाला, "वहिनींच्या कीबोर्डचा का? अहो, पण तो तर..." मी फोन ठेवला. त्याने ओळखलंच कसं? आता हा तिला सांगणार. दुकानदारांनी गिऱ्हाइकाच्या घरात नाक खुपसू नये या मताचा मी आहे.

आईने सुचवलं, तिला खरं काय ते सांगून टाक. आईचा काळ वेगळा होता.

१५ फेब्रुवारी

जीव भांड्यात पडला!

तुटलेल्या पिनेच्या जागी लावायला सेफ्टी पिन मिळते का, म्हणून बायकोचा ड्रॉवर उघडला. (ड्रॉवर म्हणजे टेबल नव्हे.) पिनांच्या डबीत, कापसात नीट गुंडाळलेला, अगदी तसाच एक स्विच! जादाचा आणून ठेवला असणार. बाई मोठी व्यवस्थित. फक्त तो बसवायचा कसा हे तिला ठाऊक नसेल, बिचारीला.

बसवला. टक्कन आवाज आला. शून्य दाबलं, एक आलं. पुन्हा दाबलं, एक. यापेक्षा जास्त टेस्टिंग करणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं. मोडका स्विच कचऱ्यात. आईला म्हटलं, बघ, जमलं की नाही? ती म्हणाली, आता तरी जेव.

दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१६ फेब्रुवारी

प्लंबरचा नंबर सेव्ह करायला त्याच कीबोर्डवर बसलो. शून्य दाबलं. दोन आली.

पुन्हा दाबलं. एक. पुन्हा. एक. पुन्हा. दोन.

पाचावर धारण बसली. म्हणजे दोष स्विचमध्ये नव्हताच, आत खोल कुठेतरी आहे. किंवा मीच आत काहीतरी बिघडवलंय. ती उद्या येतेय.

निश्चय : दारात पाऊल टाकताक्षणी शांतपणे, न अडखळता सगळं सांगायचं. वाक्य पाठ केलंय.

१७ फेब्रुवारी, सकाळी

आली. दारात पाऊल टाकलं. मी म्हणालो, "चहा?"

हॉस्पिटलचं अर्जंट काम आहे म्हणे, चार पेशंट आजच घरी सोडायचेत. बॅग तिथेच टाकून टेबलाशी बसली. दमलेल्या माणसाला आल्या आल्या वाईट बातमी सांगू नये. चहा झाल्यावर सांगू.

चहा झाला. बिस्किटं झाल्यावर सांगू.

दुपारी

आधी जे झालं ते लिहून काढतो.

मी तिच्या मागे उभा होतो. बराच वेळ. ती म्हणाली, असा मानगुटीवर का उभा आहेस? ती भराभर टाइप करते आणि स्क्रीनकडे बघत नाही, समोरच्या कागदाकडे बघते. एका आजींचं नाव आलं. वय एक्याऐंशी. हृदयाची गोळी, दहा मिलिग्रॅम. तिने शून्य एकदाच दाबलं, मी पाहिलं. स्क्रीनवर शंभर.

ती पुढच्या ओळीवर गेली.

मी त्या आजींना ओळखत नाही. पण आपली आई आत वाटाणे सोलत होती आणि मला एकदम भयंकर भीती वाटली, बायकोची नव्हे. मी ओरडलो आणि कीबोर्डची वायरच उपटली.

संध्याकाळी

सगळं सांगितलं. पाठ केलेलं वाक्य आठवलं नाही.

ती आधी स्क्रीनकडे बघत बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. वायर परत लावून शंभराचे दहा केले. मग हळू आवाजात विचारलं, हा स्विच कुठून आणलास? म्हटलं, पिनांच्या डबीतून.

तिने डोळे मिटून घेतले.

बहिणीकडे जायच्या आदल्या दिवशी तिने दुकानातून नवा स्विच आणून स्वतःच बसवला होता. दुकानदाराला काढलेला जुना बघायचा होता, म्हणून तो डबीत ठेवला होता. म्हणजे मी चांगला उघडून मोडला, कचऱ्यात टाकला आणि घरातला एकमेव बिघडलेला स्विच शोधून काढून परत शून्याखाली बसवला.

मी म्हटलं, बदललास तर मला सांगायचं नाही का?

ती म्हणाली, "तुला कळलं असतं की तो उपटून बदलता येतो, तर तू उपटला असतास."

मग तिने स्क्रोल लॉक नावाच्या, कुणीच न वापरणाऱ्या बटणाखालचा स्विच उपटला, शून्याखाली बसवला आणि बराच वेळ शून्यं टाइप करून पाहिली. सकाळचा चहा मी न पिताच ठेवला होता, त्यावर एव्हाना साय धरली होती.

पण माझी टेस्ट, मी म्हणालो. दहा वेळा दाबलं आणि अकरा आली, पुरावा आहे. तिने फाइल उघडली. स्क्रीनवर बोट ठेवून शून्यं मोजली. मग माझं बोट धरून मला मोजायला लावलं.

आतून आई म्हणाली, "दहाच आहेत ना?"