शिट्टीनंतरचे फटके

धरमपेठ, नागपूर
४ ऑगस्ट २०२४

चि. भूमिका हिस,
शामलामावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज माळ्यावरच्या जुन्या गाद्या काढल्या आणि तुझ्या लहानपणची एक दिवाळी आठवली. अंगणात तुझी आई, मी आणि तू गाद्या धोपटत होतो. तू पहिलीत असशील. आम्ही दोघी दमून चहाला बसलो तरी तुझी काठी थांबेना. शेवटी खोळ फाटली, अंगणभर कापूस उडाला आणि तू मध्ये लालबुंद होऊन उभी! तुझी आई, सिंधू, इतकी हसली की चहा सांडला तिच्या हातून.

पोलीस प्रशिक्षण केंद्रात तुमचे फोन जमा करून घेतात हे मला मनातून आवडलं आहे. त्या निमित्ताने या घरात पुन्हा पाकिटं येऊ लागली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला शनिवारी पत्रं लिहायला बसवत आणि ओळ वाकडी गेली की बोटांवर पट्टी मारत. माझी ओळ अजून सरळ आहे, बघ.

सिंधूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. सध्या वाचायचं नाही, गॅसपाशी जायचं नाही, म्हणून पोळ्या तुझा भाऊ करतो. पिंटूच्या पोळ्या पाहून मी भातच मागून घेते. एका कानाने ऐकू येत नसल्यामुळे त्याला स्वतःचा आवाज कळत नाही. तो कुजबुजला तरी तुमची अर्धी महाल वस्ती ऐकते.

तुझ्या बाबांनी तुझ्या परेडचं आमंत्रण बडकस चौकभर दिलं आहे. भेटेल त्याला सांगतात की हवालदार रामाजीची पोरगी हाय, हात बापाचाच घेतला पोरीनं. निवृत्त झाल्यापासून हा माणूस प्रथमच आनंदात दिसतो.

पोटभर जेवत जा. या म्हातारीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
शामलामावशी


प्रशिक्षण केंद्र
१९ ऑगस्ट २०२४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. (तू शिकवलेलं विसरले नाही, घे.)

मावशी, हे पत्र आधी तू एकटी वाच. आईला तूच सांग. बाबांना एवढ्यात नको.

इथे दंगलीचा सराव असतो. अर्ध्या मुली जमाव होतात, शिव्या देतात, दगडांऐवजी टेनिसचे चेंडू फेकतात. उरलेल्या ढाल आणि लाठी घेऊन त्यांना मागे रेटतात. शिट्टी वाजली की लाठी खाली, हा नियम. माझ्या शेजारच्या कॉटवरची काजल त्या दिवशी जमावात होती. तिचा चेंडू माझ्या तोंडावरच्या जाळीवर बसला आणि ती हसली. मी तिला पाडलं. तिचं हेल्मेट निघालं. ती ओरडत होती की भूमिका, मी हाव वं, काजल हाव. मग शिट्टी वाजली. मला ती ऐकू आली, मावशी. स्वच्छ ऐकू आली. त्यानंतरही मी मारत राहिले. तिच्या मनगटाचं हाड कातडीतून बाहेर आलेलं दिसलं, तरी एक फटका दिला. मुलींनी कंबरेला धरून मला ओढून काढलं.

कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी सगळ्यांसमोर झापलं, मैदान पळवलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले की बेटा, फोर्स को ऐसा ही हाथ चाहिए.

पण मला भीती त्यांची नाही वाटली. त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले, त्याची वाटली.

पोहताना कानात पाणी गेलं, असं आपण पिंटूच्या बहिऱ्या कानाबद्दल लोकांना सांगतो. मी तिथे होते. बाबांनी त्याला भिंतीशी धरून मारलं, तो पडला तरी मारलं. मग जेवायला बसले आणि आईला म्हणाले की झुणका मस्त झाला, आणखी वाढ. तुझी ती गादीही मला आठवते. तुम्ही हसत होता. मला मात्र खोळ फाटल्याचं इतकं बरं वाटलं होतं, की तो कापूस उशाशी घेऊन झोपले होते.

शाळेत सगळे सांगायचे, तुला काय आवडतं ते ओळख आणि तेच काम निवड. मला काय आवडतं ते मी आता ओळखलं आहे. म्हणूनच इथून निघायचं आहे. एकदा वर्दी अंगावर चढली की माझ्या हाताला जाब विचारणारं कोणी राहणार नाही.

रागावू नकोस. आणि हे वाचूनही माझी मावशीच राहा.

भूमिका


धरमपेठ, नागपूर
२७ ऑगस्ट २०२४

चि. भूमिका हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला लिहिणार होते की राग सगळ्यांनाच येतो, परेडपर्यंत थांब. आता ते लिहिवत नाही.

तुझं पत्र घेऊन मी महालात गेले. तुझे बाबा चौकात गेले असतील असं समजून आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. दोन ओळी वाचल्या आणि मी चष्मा पुसायला थांबले. पिंटूने कागद हातातून घेतला आणि पुढे वाचू लागला. त्याच्या मते तो हळूच वाचत होता. आम्ही ऐकण्यात इतक्या बुडालो होतो की त्याला थांबवायचं सुचलं नाही. तुझे बाबा पुढच्या खोलीत होते. कान, भिंत, झुणका, सगळं त्यांनी ऐकलं, आणि तेही पिंटूच्याच तोंडून.

ते लाठी घेऊनच आत आले. पहिला फटका काचेच्या कपाटावर बसला. काच उडून सिंधूच्या कपाळात शिरली, तिचा चेहरा रक्ताने भरला. दुसरा पिंटूसाठी होता. त्याने लाठी हवेतच धरली, दोन्ही तळवे सोलून निघाले तरी सोडली नाही, आणि उलटून हातही उगारला नाही. तुझे बाबा ओरडत होते की पोरीले म्हणा, घरी आली तं तंगडं तोडीन, बापाले बदनाम करून राहिली. शेजारच्या ओमप्रकाशने आम्हाला बाहेर काढलं.

सिंधूला टाके पडले, डोळा सुदैवाने वाचला. दोघं आता माझ्याकडे आहेत. पोलिसांत तक्रार द्यायला मात्र सिंधू तयार नाही. म्हणते, कोणाकडे देऊ? सगळे त्यांचेच.

बाळ, तू निर्णय घे, मी पाठीशी आहे. पण धावत इकडे येऊ नकोस. येशील ती कशासाठी येशील, हे मला तुझ्या पत्रानंतर कळतं.

सांभाळ. आम्हा तिघांना मनात जागा असू दे.

तुझी,
मावशी


प्रशिक्षण केंद्र
८ सप्टेंबर २०२४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुला बरोबर कळलं. पत्र वाचलं आणि लाठी घेऊन गेटपर्यंत गेले. पहाऱ्यावरच्या शिपायाने विचारलं, कुठे? मी म्हटलं, बापाचा हात मोडायला. त्याला वाटलं मी थट्टा करते, तो हसला. आणि तेवढ्यात मला कडकडून भूक लागली. ती भूक मी ओळखली. बाबा मारल्यावर जेवायला बसत, तीच. मी तिथेच खाली बसले. लाठी शिपायाच्या हातात दिली आणि सरळ ऑफिसात जाऊन राजीनामा लिहिला. कारणही खरं लिहिलं. साहेब म्हणाले की असं कोणी लिहितं का, तब्येत लिही. मी बदललं नाही.

काजलला दवाखान्यात भेटले. ती म्हणाली की माफीबिफी मागू नको, फक्त माझ्या कॉटपाशी येऊ नको. बरोबर आहे तिचं.

आता पुढचं. जुलैत अग्निशमन दलाचे लोक इथे प्रात्यक्षिकाला आले होते. चेपलेल्या गाडीचं दार फोडायला त्यांनी माझ्या हाती घण दिला. मी जीव खाऊन मारलं. दार निघालं, आतला कापडी माणूस बाहेर काढला, आणि हात आपोआप थांबला. त्या दिवशी काय जेवले ते मला आठवतही नाही. नागपुरात या कामाचा कोर्स आहे, तिथे अर्ज करते आहे. नाही मिळाला तर दुसरं शोधीन, पण माणसावर उगारायचं काही हातात घेणार नाही. तिथेच सदर भागात एका हॉस्टेलात राहीन. तुझ्याकडे नको. अजून माझी मलाच खात्री नाही.

आईच्या कपाळावरून माझ्या वतीने हात फिरव. आणि मला ओरडायचा हक्क सोडू नकोस.

तुझी,
भूमिका

ता. क. माझी पेटी आणि सायकल ट्रॅव्हल्सने पाठवली आहे. जाड ब्लँकेट आईला. पळायचे बूट आपल्या शेजारच्या रोशनीला, तिची पोलीस भरती यंदा आहे. तिला एवढंच विचार की शिट्टी वाजल्यावर थांबवतं का. पिंटूला माझी सायकल आणि हातमोजे. महालातल्या घरातल्या माझ्या खोलीची किल्ली तुझ्याकडे असू दे, कोणाला देऊ नकोस. गणवेशातला माझा फोटो तेवढा बाबांना. तो त्यांना खरंच हवा होता. पण घेऊन कोणी जाऊ नका, तूसुद्धा नाही. पोस्टाने पाठव.