आळशी भाषेला लागलेला वेळ

तीर्थरूप मामा,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांसकट घरातल्या सगळ्यांना नमस्कार. मामींनी तुमच्यामागे लावलेलं सकाळचं फिरणं चालू आहे ना, की अजून कोपऱ्यावरच्या बाकावर तेवढा वेळ काढून परत येता? (मी आईला सांगितलेलं नाही. तिला आधीच माहीत होतं.) माझी तब्येत ठीक आहे. म्हणजे वजन उतरलंय, झोप उडालीय आणि मागून कोणी हाक मारली की मी दचकतो, पण ताप वगैरे नाही.

तुमच्याच जुन्या कचेरीत, बंदराच्या भरती-ओहोटीच्या विभागात, मला काम लागलं हे आईने कळवलं असेल. काम नेमकं काय ते मी तिला सांगितलं नाही. तुम्ही आणि तुमचे कचेरीतले दोस्त उंचकाका, दोघांनी मिळून जी कंप्युटरची भाषा बनवलीत, तिच्यातला तुमचा भरतीचा प्रोग्राम काढून त्या जागी मी नव्या भाषेत लिहिलेला बसवायचा. आधी जुन्या भाषेचा छोटा इतिहास लिहायचा, मग दोन्हींचा वेग मोजून साहेबांना अहवाल द्यायचा. मामाच्या आयुष्यभराच्या कामाचा मृत्युलेख भाच्याने लिहायचा, असं म्हणा ना. नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

इतिहास मला तोंडपाठ होता, कारण तो आमच्याच जेवणाच्या टेबलावर घडला. फंक्शनल, म्हणजे गणितातल्या सूत्रांसारख्या चालणाऱ्या भाषा तेव्हाही होत्या, पण तुम्हा दोघांना स्वतःची हवी होती. एखाद्या नावाला एकदा किंमत दिली की ती पुन्हा बदलायची नाही, आणि तोच प्रश्न विचारला की तेच उत्तर यायला हवं, इथपर्यंत तुमचं एकमत. भांडण त्यापुढचं. तुमचं म्हणणं, कोणी विचारेपर्यंत काही करायचंच नाही. विचारलं की गणित करायचं आणि उत्तर जपून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्यांदा मेहनत नको. उंचकाकांचं म्हणणं, माणसाला ताटकळत ठेवू नये, लागणार ते आधीच करून ठेवावं. मग ते तावातावाने उठायचे आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घ्यायचे. (सहा फूट चार इंच. आमच्या घरची सगळी दारं त्यांच्या विरोधात होती.) शेवटी तुमचं चाललं, आणि आईने भाषेचं नाव 'आळशी' ठेवलं.

त्यापुढचा इतिहास मी अहवालात घातला नाही, आणि तुमच्याशीही कधी बोललो नाही. एकोणीस वर्षांपूर्वी उंचकाका काठी घेऊन बंदरासमोरच्या, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर मोजमाप करायला गेले. जाण्याआधी त्यांनी 'आळशी'ला त्या दिवशी पट्ट्यावर पाणी किती ते विचारलं, आणि उत्तर त्याच क्षणी आलं: कोरडा. कारण तोच प्रश्न तुम्ही काही महिन्यांपूर्वी विचारला होता, आणि जपून ठेवलेलं उत्तर तिने पुढे केलं. मधल्या काळात बंदराची भिंत लांबवली होती, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. काका तिसऱ्या दिवशी सापडले. तुम्ही जपलेली सगळी उत्तरं पुसलीत, भिंतीचा हिशोब गणितात घातलात आणि राजीनामा दिलात. मामा, त्यात तुमची चूक होती असं मी एकदाही मानलं नाही. हे मी एकोणीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

असो. वेग मोजायला साहेबांनी पाकिटात बंद करून चाळीस प्रश्न दिले: अमक्या तारखेला, अमक्या धक्क्यापाशी पाणी किती. माझा प्रोग्राम प्रत्येकाला निमिषभर घेतो, 'आळशी'ने प्रत्येकी चाळीसेक सेकंद घ्यायला हवे होते. तिने शून्य घेतले. चाळीसही वेळा. मी घड्याळ बदललं, कळफलक बदलला, खुर्चीसुद्धा बदलली. (खुर्चीचा संबंध काय ते विचारू नका.) शून्य याचा अर्थ एकच: हे प्रश्न आधी कोणीतरी विचारलेत. म्हणून मी तिची नोंदवही उघडली. कोणता प्रश्न पहिल्यांदा कोणी आणि कधी विचारला, हे ती लिहून ठेवते ना. चाळीसच्या चाळीस प्रश्न आदल्या दिवशी दुपारी पावणेएकला, आमच्या जेवणाच्या सुट्टीत विचारलेले. विचारणाऱ्याची खूण: 'उं'.

पाकीट मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोडलं होतं.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अहवालात शून्य लिहिता येत नाही. पुन्हा मोजा." (साहेबांना भुतं चालतील, शून्य चालत नाही.) मग मी स्वतःच, ऐन वेळी सुचतील ते प्रश्न घातले. माझ्या लग्नाची तारीख पुढच्या शतकात ढकलून, सदऱ्याची बटणं मोजून तेवढ्या क्रमांकाच्या धक्क्यापाशी. शून्य. नोंदवहीत: काल, पावणेएक, 'उं'. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून आकडे दाबले. शून्य. त्या दिवशी सुट्टीत मी डबा घेऊन त्याच खोलीत बसून राहिलो. कोणी आलं नाही. पावणेएकला फक्त पडद्यावर ओळींमागून ओळी उमटू लागल्या, कोणीतरी घाईघाईने टाइप करावं तशा. त्यातली शेवटची ओळ वाचून मी डबा बंद केला. तो प्रश्न मी उद्यासाठी मनात ठरवला होता, अजून कुठे लिहिलेला नव्हता.

चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, आता प्रत्यक्षच बघू. वाळूच्या पट्ट्यावर जाऊन काठीने मोजू. माझ्या प्रोग्रामने लगेच सांगितलं, एक वाजेपर्यंत कोरडा. होडी खाली तयार होती. साहेब बूट घालून उभे होते, मग म्हणाले, "थांबा, जुन्याचाही आकडा घ्या. तुलनेला दोन्ही हवेत." दहा पन्नासला मी 'आळशी'ला विचारलं.

उत्तर आलं नाही. चाळीस सेकंद गेले, पाच मिनिटं गेली. नोंदवहीत पाहिलं तर सगळ्या बंदरात हा एकच प्रश्न कोणी आधी विचारून ठेवलेला नव्हता. साहेब दर थोड्या वेळाने म्हणत होते, "अजून पाच मिनिटं." ती आकड्याची हाव नसती तर आम्ही निघालो असतो. एकदा ते दाराकडे वळलेसुद्धा, आणि त्याच वेळी चौकटीवर वरच्या बाजूला थाड् आवाज झाला. लाकडावर कपाळ आपटावं तसा.

"कोण आहे?" साहेब म्हणाले.

"वारा," मी म्हटलं. खिडक्या बंद होत्या.

साहेब परत येऊन बसले. पावणेबाराला त्यांनी सहज खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मला हाताने बोलावलं. मी जाऊन पाहिलं. पट्टा नव्हता. जिथे आम्ही काठी घेऊन उभे राहिलो असतो, तिथे करड्या रंगाचं पाणी वळसे घेत होतं. बारा वाजून बारा मिनिटांनी 'आळशी'ने उत्तर दिलं: पट्ट्यावर पाणी, छातीच्या वर. एक तास बावीस मिनिटं. मामा, चूक माझी होती. नव्या प्रोग्रामसाठी गणित उतरवून घेताना मी तुमची जुनी, भिंतीच्या आधीची वही वापरली. साहेबांसमोर मी हे कबूल केलं. ते म्हणाले, "दुरुस्त करा." मग ते बूट काढायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्यात येऊन अहवाल स्वतः पुरा केला. जुन्या भाषेबद्दल एकच वाक्य आहे: 'वेग अत्यंत मंद, तातडीने बंद करावी.' निदान शून्य लिहावं लागलं नाही याचं समाधान त्यांच्या अक्षरात दिसतंय.

मामींना सांगा, मी जेवतोय. गुडघ्यांना शेक द्या, आणि बाकावर बसलातच तर ऊन लागेल असा बाक निवडा.

तुमचा,
भाचा

ता. क. सोबत एक कागद आहे. प्रोग्राम बंद करायला तो बनवणाऱ्यांपैकी जो हयात आहे त्याची सही लागते. साहेबांना घाई आहे. कागद तुमच्याकडून हरवला तर मला अजिबात राग येणार नाही.

ता. क. पत्र खरं तर एवढ्याचसाठी लिहिलं. इथला तंत्रज्ञ म्हणतो की तुमच्या घरून अजूनही या कंप्युटरला जोडता येतं, आणि उंचकाकांची खूण वापरायचा परवलीचा शब्द तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. म्हणजे रोज पावणेएकला तुम्हीच बसत असणार. माझ्या मनातलं तुम्हाला कसं कळतं, ते नाही सांगितलंत तरी चालेल. फक्त 'होय, मीच' एवढं एका ओळीत कळवा. बसत नसलात, तरी 'होय, मीच' असंच कळवा.