नऊ नंबरची खडखड

सोमवार, ५ फेब्रुवारी

पोचले एकदाची! बॅगेचं एक चाक स्टेशनवरच निखळलं, त्यामुळे संस्थेच्या फाटकापर्यंत ती हट्टी शेळीसारखी ओढत आणावी लागली. पहारेकऱ्याने माझ्याकडे आणि बॅगेकडे आळीपाळीने पाहिलं आणि बॅग उचलून घेतली. माणूस चांगला आहे.

खोली दाखवायला संचालकबाई स्वतः आल्या. इमारत तीन मजली, माझी खोली मात्र जमिनीखाली, त्यामुळे त्या जरा ओशाळल्या. मी म्हटलं, दहा वर्षं समुद्राच्या तळाशी डोकं खुपसून बसलेय, तळघर म्हणजे मला बढतीच की. त्या हसल्या नाहीत. पुढच्या वेळी सोपा विनोद करीन.

खोलीत एक टेबल, कॉम्प्युटरचे दोन पडदे, करड्या रंगाचं लोखंडी कपाट, पाणी उकळायची किटली. खिडकी नाही. दार लोखंडी आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं, त्यात ताटाएवढी गोल काच. कोपऱ्यात भिंतीतून मनगटाएवढी जाड काळी केबल आत येते. तिचं दुसरं टोक इथून दोनशे किलोमीटरवर, चार हजार सहाशे मीटर खोल पाण्यात. तिथे समुद्रतळाला एक लांबलचक भेग आहे आणि तिच्या काठाने नऊ भूकंपमापक कान लावून बसलेत.

भरतीला पाण्याचं ओझं वाढतं, ओहोटीला उतरतं आणि त्या तालावर ती भेग कुरकुरते, एवढंच आम्हाला जगाला सांगायचंय. हा पेपर दीड वर्ष रखडलाय. तो छापून आणला की मला कायमची नोकरी, तीही आमच्याच गावात, पिटुकलीच्या शाळेपासून दहा मिनिटांवर. म्हणून तर नवऱ्यावर घर टाकून आले. ३० मार्चला तिच्या शाळेत नाटक आहे. आमची लेक झाड झालीय. झाडाला एकच वाक्य आहे, "मी कुठे जाणार, मी तर इथेच आहे." आई पहिल्या रांगेत नसेल तर झाड तोंड उघडणार नाही, अशी तिने ताकीद दिली आहे.

बुधवार, ७ फेब्रुवारी

पेपरचं पहिलं पान पाहिलं. माझं नाव सगळ्यात वर येणार! खाली दोन नावं, आणि दोन्हींपुढे कट्यारीसारखी बारीक खूण. लेखक हयात नसला की छापताना ही खूण घालायची पद्धत आहे. मी संचालकबाईंना म्हटलं, पेपर आहे की हुतात्मा स्मारक? याही वेळी हसू नाही. दोघंही याच खोलीत काम करायचे म्हणे. आधीच्या बाई चार वर्षांपूर्वी गेल्या, त्यांच्यानंतर आलेले गृहस्थ, ज्यांना इथे सगळे चष्मेवाले म्हणतात, ते दीड वर्षापूर्वी. कशाने, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही.

दुपारी कार्यशाळेत गोळेकाकांची ओळख झाली. ते उपकरणांचे काचेचे गोळे जुळवतात, म्हणून लहानथोर सगळे त्यांना गोळेकाका म्हणतात. दोन अर्धगोल, मध्ये उपकरण, आतली हवा शोषून घ्यायची की झालं. मी विचारलं, स्क्रू कुठे आहेत? ते म्हणाले, स्क्रू कशाला पाहिजेत बाई, बाहेरचं पाणीच त्याला बंद ठेवतं, खाली गेल्यावर दहा पैलवान लावले तरी उघडायचा नाही. काचेला फार ताण आला की कडेने पिठासारखा चुरा झडतो. तो दिसला की गोळा बाद.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

परीक्षकांचे शेरे वाचले. पहिला गोड माणूस, दोन स्वल्पविराम सुचवून मोकळा झाला. दुसरा मात्र खाष्ट. मला तीन पेपरांत तीन वेगळे दुसरे परीक्षक भेटले, पण स्वभाव एकच. जणू एकाच सासूबाई वेश पालटून येतात.

त्याचा आक्षेप नऊ नंबरच्या उपकरणावर. चष्मेवाल्यांनी त्यातून एक आवाज काढून टाकला होता. कॉम्प्युटरवरच्या सामायिक टिपणवहीत त्यांचं एवढंच टिपण आहे: "क्र. ९. सैल पट्टीची खडखड. काढली." परीक्षक म्हणतो, गोळा चौकटीला बांधणारी पट्टी सैल असेल तर ती प्रवाहाने हलते, प्रवाह भरती-ओहोटीने. हा आवाज तसा वागत नाही. खुलासा करा, नाहीतर परत घाला.

कच्ची नोंद काढून ऐकली. एक ठोका, मग दोन. पुन्हा एक, मग दोन. चार वर्षांपूर्वीपासून चालू आहे.

सोमवार, १९ फेब्रुवारी

परीक्षकाचं खरं आहे, मेल्याचं. ठोके भरतीला जुमानत नाहीत. पाच-सहा तास चालतात, मग थांबतात, मग पुन्हा सुरू. दमल्यासारखे.

आणि आता दोन आहेत. दीड वर्षापूर्वीपासून त्यात दुसरा आवाज मिसळलाय. तीन ठोके, जरा थांबून पुन्हा तीन. कपाटातल्या वहीत चष्मेवाल्यांची शेवटची नोंद शोधली. तिची तारीख आणि या तीन ठोक्यांची पहिली तारीख यांत एका दिवसाचा फरक. योगायोग असतात. मीच विद्यार्थ्यांना हे शिकवते.

गोळेकाकांना विचारलं. ते उखडलेच. म्हणाले, नऊ नंबरची पट्टी या हातांनी आवळलीय, ती सैल होती म्हणणाऱ्याला माझ्यासमोर आणा.

शुक्रवार, १ मार्च

आज जे केलं ते इथे तरी खरं लिहिते. आवाजाचा नीट छडा लावायचा तर सहा महिने हवेत. संचालकबाई शांतपणे म्हणाल्या, तुमच्या आणि तुमच्या घराच्या मध्ये हा एक परिच्छेद उरलाय, बघा बाई. मी पाहिलं. परीक्षकाला लिहिलं: "पट्टी सैल असल्याची खातरजमा केली आहे." धडधडीत खोटं. मग दोन्ही प्रकारचे ठोकेच नव्हे, तर हाताने मारल्यासारखा कुठलाही ठोका पकडून पुसणारा फिल्टर लिहिला. उत्तम जमलाय. नऊ नंबरची रेघ आता तळ्यासारखी शांत दिसते.

लाज वाटली. तरी संध्याकाळी फोनवर पिटुकलीला सांगून टाकलं, आई येतेय.

सोमवार, ११ मार्च

स्वीकारला! दुसऱ्या परीक्षकाने एका ओळीत हात टेकले. संचालकबाईंनी माझा फिल्टर थेट केबलच्या मुख्य प्रोग्रॅममध्ये बसवून घेतला. यापुढे नऊ नंबरची नोंद पडद्यावर पुसूनच येईल, कच्ची नुसती साठत राहील. मला शाबासकी मिळाली, उपाहारगृहात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोळेकाका तेवढे उठून गेले.

खोलीचं दार आज जड लागलं. बिजागरीला तेल हवं.

सोमवार, १८ मार्च

तेल घालून झालं. उपयोग शून्य. आता खांदा लावून ढकलावं लागतं आणि उघडताना फस्स असा आवाज होतो. दिवसभर कानांना दडे बसतात. जांभई दिली की सुटतात, घटकाभराने पुन्हा बसतात.

टेबल पुसताना फडक्याला पांढरी पूड लागली. दाराच्या गोल काचेखाली जमिनीवरही होती. बोटाला टोचली. काच आहे.

गोळेकाकांना दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मग सगळं सांगितलं. चष्मेवाल्यांनी आधी एक पेपर छापला होता, नऊ नंबरवरच, बाईंचे ठोके पुसून. तो स्वीकारला गेला आणि दहा-बारा दिवसांनी त्यांचं दार उघडेना. शेवटी कापलं. आत चहाचा कप होता, चष्मा होता, माणूस नव्हता. बाईंच्या वेळीही तेच. काका म्हणाले, पोरी, आजच्या आज बॅग भर.

भरते. प्रूफं आली की तपासून त्याच संध्याकाळी निघते. ती वरच्या मजल्यावर तपासीन.

गुरुवार, २१ मार्च

प्रूफं आली. पहिल्या पानावर तीन नावं. तीन कट्यारी.

माझ्याही नावापुढे.

प्रकाशकाला लगेच कळवलं, मी जिवंत आहे, चांगली धडधाकट आहे. तासाभरात सभ्य उत्तर आलं, खूण आपल्या संस्थेने दिलेल्या माहितीनुसार आहे, बदल हवा असल्यास उद्या पाचच्या आत प्रूफावर करावा. संचालकबाईंकडे धावले. छपाईतली चूक, म्हणाल्या. माझ्याकडे पाहत नव्हत्या. प्रूफातली दुरुस्ती फक्त खालच्याच कॉम्प्युटरवरून होते, तुम्हीच करा, दहा मिनिटांचं काम आहे.

शुक्रवार, २२ मार्च, सकाळी अकरा

बॅग फाटकापाशी ठेवली आहे. गाडी दोनची. दारात खुर्ची अडकवून खाली बसलेय, म्हणजे ते मिटणार नाही. माझ्या नावापुढची खूण पुसली. पाठवते आणि—

अकरा वीस

खुर्ची मोडली. काडीसारखी. दार बंद.

दुपारी तीन

खांदा सुजला. ढकलून, लाथा मारून, कपाट सरकवून पाहिलं. तसूभरही हलत नाही. फोनला इथे रेंज नसतेच. प्रकाशकाला, संचालकबाईंना, नवऱ्याला निरोप लिहिले, एकही जात नाही. काका येतील. काकांना माहीत आहे.

गोल काचेतून बाहेर बघितलं. पॅसेजमधला दिवा दिसत नाही. जिना दिसत नाही. काळंभोर आहे, आणि त्यात पांढरे कण हळूहळू खाली पडताहेत. मी हे हजारदा पाहिलंय, तळावरच्या कॅमेऱ्यातून.

शनिवार, बहुतेक

कोणी आलं नाही. किटलीतलं पाणी घोटघोट पितेय.

दारावर ठोकलं. आमच्या घरची खूण. न्हाणीघराचं दार पिटुकली अशीच वाजवते, दोन सावकाश, दोन भराभर. मीच आहे, उघड.

उत्तर आलं! भिंतीतून. तीन ठोके, थांबून पुन्हा तीन. आणि खूप लांबून, एक, मग दोन.

चष्मेवाले. आणि त्या बाई.

मी पुसलं त्यांना. त्यांना वाटलं असेल, हिने ऐकलं. ऐकलंच होतं मी.

नंतर

पडद्यावर नऊ नंबर. मी ठोकते आणि रेघ उठते. माझी रेघ! दोन सावकाश, दोन भराभर. एक श्वासभर टिकते.

मग सपाट.

माझाच फिल्टर. वेगळं ठोकून पाहिलं, वेडंवाकडं, बुटाने, कपाने. सगळं पकडतो. सगळं. कसा उत्तम लिहिलाय.

कपाट सरकवलं त्याच्यामागे भिंतीवर ओरखडे. नखांचे. मोजायचे नाहीत.

३० तारीख असावी

आज नाटक. पहिल्या रांगेत रिकामी खुर्ची. बोल गं राणी, आई नसली तरी बोल—

काचेला चीर गेली. पूड वहीवर पडते, झटकत झटकत लिहितेय.

तारीख नाही

पडद्यावरच्या टिपणवहीत नवी ओळ. कोणीतरी वर बसून लिहितंय, आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत:

"आज रुजू झाले. खोली छान आहे. क्र. ९ स्वच्छ. फिल्टरच्या आधीची कच्ची नोंद सहज ऐकली."

ऐकली! ऐकली तिने!

ठोकतेय. दोन्ही हातांनी. बाई गं, पट्टी सैल नाही, काकांना विचार, पट्टी—

पुढची ओळ आली.

"त्यात एक नवी खडखड आहे, दोन सावकाश, दोन भराभर. सैल पट्टी असावी. काढ—"

नको. मी कुठे जाणार, मी तर इथेच आ