पट्टीवरची ओल

६ मे
कडोदऱ्याच्या लूमवरची अकरा वर्षं संपली. आज बंधाऱ्याच्या क्वार्टरमध्ये सामान लावलं. दोन खोल्या, पंखा, दारात कडुनिंब. छाया म्हणाली, इथल्या शांततेत तुम्ही किती ओरडून बोलता ते कळतं.

काम सोपं आहे. बंधाऱ्याखाली नदीत मीटर-सेंटिमीटरच्या खुणांची उंच पट्टी उभी आहे. दुष्काळ असला तरी तिथे चाळीस सेंटिमीटर पाणी राहिलंच पाहिजे. नाहीतर डोहातले मासे मरतात आणि खाडीचं खारं पाणी वर चढतं. पाणी उतरलं की दरवाजा थोडा उचलायचा. सकाळी आठला पट्टीचा फोटो आणि आकडा ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा. ठेकेदाराचे सुपरवायझर भूपेंद्रभाई यांनी तासाभरात सगळं शिकवलं.

व्हरांड्यात जुनी पट्टी पडली होती. ती घरात भिंतीला ठोकली आणि शीतलला उभं केलं. तिने टाचा उचलून एक मीटर दहा केले. मी खांदे दाबून एक मीटर पाच लिहिले. आकडा खरा हवा, असं तिला सांगितलं.

९ मे
आज बेचाळीस. डोहात मासे भरपूर. इंदुबाई तिथे गळ टाकतात, शहाद्याकडच्या आहेत. शीतलला एक जिवंत मासा दिला. तिने तो परत सोडला.
बाजूच्या शाळेत तिचं नाव घातलं. क्वार्टरचा पत्ता होता म्हणूनच घेतलं.

१३ मे
भूपेंद्रभाई आले. धरणात पाणी उरलं नाही, म्हणून कारखान्यांची पाइपलाइन आधी भरायची. दरवाजा उचलायचं हँडल गाडीच्या डिकीत टाकून घेऊन गेले. जाण्याआधी एक युक्ती शिकवली: पट्टीवर चाळीसच्या रेघेपर्यंत बादलीने पाणी मारायचं आणि ओल वाळायच्या आत जवळून फोटो काढायचा. खालचं काही दिसता कामा नये.
मी म्हटलं, मासे मरतील.
हसून म्हणाले, "लक्ष्मणभाई, मासे थोडेच ग्रुपमध्ये आहेत?"
लूमच्या खडखडाटाने माझा एक कान गेलाय. दुसरं काम कोण देणार?

१४ मे
खरं पाणी अकरा. बादली मारली, चाळीस पाठवलं.
घरी आलो तर शीतलचा फ्रॉक खालून चिंब. फरशी कोरडी होती. पट्टी मात्र भिजलेली, बरोबर चाळीसपर्यंत. भिंतीवरही चारी बाजूंनी त्याच उंचीची ओल. छायाला वाटलं टाकी गळते. टाकी रिकामी आहे.

१६ मे
वरून विचारणा झाली, खारं पाणी का चढतंय. भूपेंद्रभाईंनी सत्तर दाखवायला सांगितलं. दाखवलं.
शीतल तेव्हा फरशीवर बसून चहा-खारी खात होती. छाया म्हणते, पोरीने एकदम हात वर केले आणि डोळे पांढरे केले. उचलून घेतलं तेव्हा श्वास आला. तोंडातून गाळ निघाला. गाळात खवले होते.
बसल्यावर तिचं डोकं साठच्या खाली येतं. मी मोजलं.

१७ मे
इंदुबाईंना आधीच्या माणसाबद्दल विचारलं. निंबा नाव त्याचं. त्याचा मुलगा याच घरात बुडून मेला, कोरड्या फरशीवर. पोलिसांनी निंबालाच नेलं. त्यानेही बादली मारली होती.
डोहात आता चिखल आहे. मासे तोंडं वर करून उघडमीट करतात. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

१८ मे
आज खरा आकडा टाकला. नऊ. घरातली ओल घोट्यापर्यंतच. छाया रडली, मग तिने शिरा केला.
दुपारी भूपेंद्रभाई आले. माझा मेसेज पुसला. खाऱ्या पाण्याच्या चौकशीची कमिटी येईपर्यंत आकडा ते स्वतःच टाकणार, माझ्या नावाने. फोटो पावसाळ्यातले वापरणार. मी पोरीचं सांगितलं, हँडल मागितलं, पाय धरले. म्हणाले, "घरात ओल आहे तर चुना लाव ने."

१९ मे
दोघींना सकाळच्या बसने पाठवलं. ग्रुपवर माझ्या नावाने नव्वद.
छाया कडोदऱ्याला उतरून पोरीला घेऊन परत आली. पोर बसमध्ये खिडकीशी उभी होती. गळ्यापर्यंत भिजली. कंडक्टरने शिव्या दिल्या, बाकी प्रवासी बघत होते. ती कुठेही गेली तरी —
छाया एवढंच बोलली, आमच्या अहिराणीत. "आकडा खरा लिखा. मनी पोर बुडी ऱ्हायनी."
पण आकडा आता माझ्या हातात नाही.

२० मे, सकाळ
पहारीने दरवाजा उचलायला गेलो. पहार वाकली.
आठ वाजले. ग्रुपवर एक मीटर दहा. शीतल एक मीटर पाच — टाचा उचलूनही एक मीटर दहाच —
खांद्यावर घेतलंय तिला. वही फळीवर. माझी उंची एक मीटर पासष्ट. पाणी दिसत नाही, पण छातीशी गार लागतंय. तिचे पाय ओढले जातायत. ती विचारते, बाबा, मासा सोडला होता ना मी?
छाया टेबलावर — पोरीपर्यंत हात पोचत नाही तिचा —
भूपेंद्रभाईंचा मेसेज. चुकून कमी पाण्याचा फोटो गेला म्हणे. भर पुरातला टाकतायत. आकडा दोन मीटर —