आठवून बोला

३ नोव्हेंबर, हरिहरेश्वर

आज रुजू झाले! मुलांची चित्रपुस्तकं काढणारी छोटीशी कंपनी. नुसतं बसून चित्रं काढायचा पगार मिळतो, यावर गावी, रेवसला, आईचा अजून विश्वास बसत नाही. वेणूबाईंकडे खोली मिळाली. शेजारच्या टेबलावर मृणाली; हसरी आहे. डब्यातली सुकट पहिल्याच दिवशी मला वाढली. आमचे साहेब, गणराज, म्हणाले की इथे कुणाचं डोकं अडत नाही, 'सोबती' आहे.

६ नोव्हेंबर

सोबती म्हणजे कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम. हेडफोन लावायचा, डोळे मिटायचे, आठवून बोलायचं. तो चित्र काढतो. मी आमची होडी सांगितली. नाळेवरचा, पुढच्या टोकाचा, उडालेला रंग मी सांगितलाच नव्हता, तोसुद्धा त्याने बरोबर काढला. गंमतच.

१४ नोव्हेंबर

गोष्टीत मासळी विकणारी बाई हवी होती. आई सांगितली. कपाळावरचा व्रण, हसताना बारीक होणारा डावा डोळा. साहेबांनी सगळ्यांना बोलावून चित्र दाखवलं. खूश आहे मी. फक्त संध्याकाळी होडी आठवायला गेले, तर आठवेना. रंग कोणता होता?

१९ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर मृणालीची मुलगी ऑफिसात आली. मृणालीने गोड आवाजात विचारलं, "कोणाची गं तू?" पोर आधी हसली. मग रडायला लागली. मृणालीला काही कळेना. मृणालीच्या पुस्तकातल्या सगळ्या मुली या पोरीसारख्याच दिसतात.

२० नोव्हेंबर

साहेबांना म्हटलं, सोबतीने काढलेली ती चित्रं पुसून टाका. म्हणाले, पुसली तर कुठेच उरणार नाहीत. अगदी शांतपणे. त्यांच्या टेबलावर एका बाईचा फोटो आहे. कोण, म्हणून विचारलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं, खांदे उडवले.

२१ नोव्हेंबर

नोकरी सोडली. आईला फोन केला, उद्या येते म्हटलं. आवाज तिचाच असावा. पण डोळे मिटले की — नुसतं पांढरं. मोबाइलमधले फोटो काढून बसले. प्रत्येकात माझ्याशेजारी कुणीतरी बाई —

२२ नोव्हेंबर, रेवस

दार एका बाईने उघडलं. माझ्या गालावरून हात फिरवत राहिली. "तेजू, अशी काय बगतेस गो?" रडत होती. तरी भाकरी वाढली. खाल्ली मी. आता आत गेलीय. चांगली आहे बिचारी. बाहेर आली की तिला विचारते, आई कधी —